आत येण्याआधीची तीन वर्षं

चौथ्या शतकातल्या कुठल्याही मोठ्या शहरातलं चर्च घ्या. अँटिओक म्हणा, मिलान म्हणा. धर्मग्रंथाची वाचनं झाली, स्तोत्रं झाली, बिशपचं लांबलचक प्रवचनही झालं. मग एक डीकन, म्हणजे बिशपचा मदतनीस, पुढे येतो आणि खणखणीत आवाजात सांगतो, की ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनी आता निघावं. चर्चमधली बरीच माणसं उठून चालू लागतात. त्यांच्यामागे दारं लागतात. आत भाकर आणि द्राक्षारसाचा विधी सुरू होतो. तो कसा असतो, त्यात काय म्हणतात, हे बाहेर पडलेल्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि विचारलं तरी कुणी सांगत नाही.

ऐकताना हे हाकलून देण्यासारखं वाटतं. पण ही मंडळी पुढच्या रविवारी परत येतात, त्याच्या पुढच्याही. कुणी तीन वर्षं येतं, कुणी तीस. त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना आहे, त्यांच्या कपाळावर क्रुसाची खूण केलेली आहे, आणि लोक त्यांना ख्रिस्ती म्हणूनच ओळखतात. त्यांना नाव आहे कॅटेक्युमेन. आपण त्यांना दीक्षार्थी म्हणू. जगातल्या अनेक धर्मांत आतले आणि बाहेरचे असतात. इथे मात्र एका लहानशा, सरकारचा धाक डोक्यावर असलेल्या समाजानं चक्क उंबरठ्यावर राहण्याची सोय केली होती. ज्याचं अजून ठरलेलं नाही, अशा माणसाला त्यांनी एक रीतसर जागा दिली.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे सुरुवात अशी नव्हतीच. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडलं तर सगळी घाईच दिसते. पेंटेकॉस्टच्या एका दिवसात सुमारे तीन हजार माणसांचा बाप्तिस्मा होतो. जेरुसलेमहून परतणारा एक इथिओपियन दरबारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत असतो. फिलिप्प त्याच्या शेजारी बसतो, अर्थ सांगतो, वाटेत पाणी दिसतं, आणि तो दरबारी तिथल्या तिथे बाप्तिस्मा घेऊन पुढे निघतो. ओळख, शिकवण, दीक्षा सगळं एका प्रवासात.

मग एका रथप्रवासाची तीन वर्षं कशी झाली?

पहिले शिष्य ज्यू होते. एकच देव, त्याचा करार, त्याचे संदेष्टे हे त्यांच्या घरात होतंच, सांगायचं राहिलं होतं ते येशूबद्दल. रोम, कार्थेज, अलेक्झांड्रियाच्या गल्ल्यांतून येणाऱ्या माणसाला मात्र मुळापासून सुरुवात करावी लागे. दुसरं कारण जास्त रोखठोक होतं. छळाची लाट आली की कच्ची माणसं गळून पडत, काही तर इतरांची नावंही सांगत. ज्या समाजाला पकडलं जाण्याची भीती आहे, तो दार एकदम सताड उघडत नाही.

या दाराची नियमावली आपल्यापर्यंत आली आहे. ‘अपोस्टॉलिक ट्रॅडिशन’ नावाचा तो ग्रंथ तिसऱ्या शतकातल्या रोमच्या हिप्पोलिटसच्या नावावर सांगतात. लेखक खरोखर तोच का, यावर विद्वानांत जोरदार वाद आहे. पण मजकूर वाचण्यासारखा आहे. नवा माणूस आला की त्याला आणणाऱ्यानं त्याची हमी द्यायची. मग शिक्षक विचारणार, का आलास? लग्न झालंय का? गुलाम आहेस का? आणि पोटापाण्याला काय करतोस?

या शेवटच्या प्रश्नाचा भाग भन्नाट आहे. कुंटणखाना चालवणाऱ्यानं धंदा सोडावा, नाहीतर परत जावं. नट, रथांच्या शर्यती धावणारा, ग्लॅडिएटर यांनाही तेच. मूर्तिकारानं आणि चित्रकारानं देवांच्या मूर्ती घडवायच्या नाहीत. सैनिकानं कुणाला ठार मारायचं नाही, हुकूम आला तरी. मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांपाशी येऊन मात्र नियमावली जरा घुटमळते. त्या काळचं शिक्षण म्हणजे ग्रीक-रोमन देवांच्या कथा, म्हणून मास्तरकी सोडलेली बरी. पण दुसरा काही उद्योग येत नसेल, तर राहू द्या. मला हे वाक्य फार आवडतं. कठोर नियमांच्या यादीत कुणाला तरी मास्तरांच्या घरची चूल आठवली!

मग तीन वर्षं ऐकायचं. त्यालाही लगेच पोटनियम आहे. माणूस मनापासून झटणारा असेल, तर वर्षं मोजायची नाहीत, त्याचं वागणं पाहायचं. शेवटच्या निवडीत तत्त्वज्ञानाचे प्रश्न नाहीतच. विधवांचा मान ठेवलास का, आजाऱ्यांना भेटायला गेलास का, चांगली कामं केलीस का, एवढंच विचारतात. आणि हमी देणाऱ्यानं साक्ष द्यायची.

या तीन वर्षांत कुणी पकडला गेला आणि मारला गेला तर? नियमावलीत तेही आहे. तो स्वतःच्याच रक्तात न्हाला, असं समजावं. हा कोरा सिद्धान्त नव्हता. २०३ साली कार्थेजमध्ये पर्पेट्युआ नावाची बावीस वर्षांची, तान्हं मूल असलेली बाई काही सोबत्यांसह पकडली गेली, तेव्हा ते दीक्षार्थीच होते. बाप्तिस्मा झाला तो पहाऱ्यात असताना, आणि पुढे रिंगणात मरण आलं. तुरुंगातल्या दिवसांची टिपणं तिच्या नावावर आहेत. प्राचीन काळातल्या स्त्रीच्या हातचं असं लेखन फार थोडं उरलंय.

बाप्तिस्म्याची खोली पाहायची असेल, तर सिरियात युफ्रेटिसकाठच्या ड्युरा-युरोपोसला जावं लागेल. खरं तर अमेरिकेत, कारण तिची भित्तिचित्रं आज येल विद्यापीठात आहेत. तिसऱ्या शतकातलं हे एक साधं घर होतं, आत फेरफार करून प्रार्थनेसाठी वापरलेलं. एका टोकाच्या खोलीत छत्रीखाली पाण्याचं कुंड आणि भिंतीवर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, बाज उचलून चालू लागलेला पांगळा, पाण्यावरून चालणारा येशू. शहराला वेढा पडण्याची चिन्हं दिसली तेव्हा तटबंदी भक्कम करायला तटालगतची घरं मातीनं भरली, त्यात हेही गेलं. २५६ च्या सुमारास शहर पडलं. ज्या मातीनं शहर वाचलं नाही, तिनं ही चित्रं मात्र वाचवली.

चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती बाजूचा झाला आणि चित्र उलटं झालं. आता भीती नव्हती, फायदा होता. उंबरठ्यावर गर्दी झाली आणि ती हलेना. बाप्तिस्म्यानं आधीची सगळी पापं धुतली जातात, पण बाप्तिस्मा एकदाच. मग तो तरुणपणीच घेऊन वाया का घालवा? हा हिशेब सर्रास केला जाई. खुद्द सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२५ साली नायसियाची धर्मपरिषद बोलावली, तिथे बिशपांसमोर भाषण केलं, आणि तेव्हा त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो झाला ३३७ मध्ये, मृत्यू जवळ आल्यावर. मिलानचा राज्यपाल अँब्रोज तर ३७४ साली बिशप कोण व्हावा यावरून भांडणारा जमाव शांत करायला गेला आणि जमावानं त्यालाच बिशप निवडलं. बिचारा दीक्षार्थी होता. घाईघाईनं बाप्तिस्मा, आणि आठवड्याभरात बिशपपद. जो कधी शिकला नव्हता, त्याच्यावर शिकवायची वेळ आली.

याच अँब्रोजचं प्रवचन ऐकायला काही वर्षांनी एक आफ्रिकी प्राध्यापक येऊ लागला. ऑगस्टीन. जन्म ३५४, गाव थागास्ते, आजच्या अल्जीरियात. लहानपणीच त्याच्या कपाळावर क्रूस काढला होता आणि जिभेवर मीठ ठेवलं होतं. आफ्रिकेत दीक्षार्थी करून घेण्याची ती रीत. मुलगा एकदा पोटदुखीनं मरायला टेकला तेव्हा आईनं, मोनिकानं, बाप्तिस्म्याची तयारी केली. तो बरा झाला, आणि तयारी बारगळली. पुढे तो मोठा झाला, बायबल उघडलं, आणि सिसेरोच्या भाषेपुढे ते त्याला गावंढळ वाटलं. नऊ वर्षं तो प्रकाश-अंधाराच्या झगड्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणिकी पंथाच्या मागे फिरला. मिलानमध्ये अँब्रोजला ऐकायला गेला तो वक्तृत्व कसं आहे हे पाहायला, विषयात रस नव्हता. मग आशयही कानावरून आत शिरू लागला. तेव्हा त्यानं ठरवलं काय? काही नक्की दिसेपर्यंत आईबापांच्या चर्चमध्ये दीक्षार्थी म्हणूनच राहायचं. शंका असलेल्या माणसाला नुसतं बसून ऐकण्याचा हक्क होता, म्हणून पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराचा हा सर्वांत मोठा माणूस तिथे टिकला. माझं तरी असं मत आहे. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मुलगा आणि जिवलग मित्र यांच्यासोबत तो अँब्रोजच्या हातून पाण्यात उतरला. ते अष्टकोनी कुंड मिलानच्या कॅथीड्रलखाली उत्खननात सापडलं आहे आणि आजही पाहता येतं.

ऑगस्टीननं आत्मचरित्रात दुसऱ्या एकाची हकीकत दिली आहे. रोमचा गाजलेला वक्ता व्हिक्टोरिनस. धर्मग्रंथ कोळून प्यायलेला. सिम्प्लिसियानस या धर्मगुरूला तो खासगीत सांगे, मी आता ख्रिस्तीच आहे. सिम्प्लिसियानस म्हणे, चर्चमध्ये दिसलास की मानीन. त्यावर व्हिक्टोरिनस हसून विचारी, की माणूस ख्रिस्ती होतो तो भिंतींमुळे काय? हा विनोद पुन्हा पुन्हा चाले. खरी अडचण बड्या मित्रांची होती, ते काय म्हणतील. एके दिवशी तो अचानक म्हणाला, चला चर्चमध्ये. लाजाळू माणसांना विश्वासाची कबुली एकांतात द्यायची सवलत असे, तीही त्यानं नाकारली. तो उंचवट्यावर चढला आणि चर्चभर त्याच्याच नावाची कुजबुज झाली.

बाप्तिस्म्याआधीच्या शेवटच्या टप्प्याचं सर्वांत जिवंत वर्णन एका प्रवासी बाईचं आहे. एजेरिया. चौथ्या शतकाच्या अखेरीस ती पश्चिमेकडून जेरुसलेमला गेली आणि घरच्या आपल्या भगिनींसाठी पाहिलेलं सगळं लिहीत राहिली. तिच्या हस्तलिखिताचा काही भाग १८८४ साली इटलीतल्या अरेत्सोमध्ये सापडला. ती सांगते, उपवासकाळाच्या सुरुवातीला बिशप एकेका उमेदवाराच्या शेजाऱ्यांना विचारतो: हा आईबापांचा मान ठेवतो का? दारू पितो का? खोटं बोलतो का? विचारायचं ते शेजाऱ्यांनाच! मग नाव स्वतःच्या हातानं लिहून घेतो. पुढे रोज सकाळी तीन तास शिकवणी, उत्पत्तीच्या पुस्तकापासून. पाच आठवडे झाले की विश्वासाची कबुली, म्हणजे ज्यात सगळा धर्म थोडक्यात येतो ते सूत्र, तोंडी दिलं जातं. ते लिहून घ्यायचं नाही, पाठ करायचं आणि नंतर बिशपसमोर म्हणून परत करायचं.

तिनं टिपलेली एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला फार जवळची वाटेल. बिशपला सिरियाक येत असलं तरी तो ग्रीकमध्येच बोले. शेजारी एक धर्मगुरू उभा राहून ते सिरियाकमध्ये सांगे. आणि ज्यांना दोन्ही कळत नाही, अशा लॅटिनवाल्यांना ग्रीक आणि लॅटिन जाणणारे बंधू-भगिनी बाजूला समजावत. एका धर्मसभेत तीन भाषांचा कल्लोळ. ईस्टरनंतरच्या आठवड्यात, दारं लावून, नव्यानं न्हालेल्यांना त्यांनी नुकतेच अनुभवलेले विधी उलगडून सांगत. म्हणजे आधी अनुभव, मग अर्थ. तेव्हा आतला जयघोष इतका मोठा असे, की तो बाहेरपर्यंत ऐकू येई, असं एजेरिया म्हणते.

खुद्द बाप्तिस्म्याची ती रात्र कशी असे? जेरुसलेममध्ये अंधाराची दिशा म्हणून पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारायचं. मग वळून पूर्वेकडे. कपडे उतरवायचे, तेल लावायचं, तीनदा पाण्यात. बाहेर आल्यावर पांढरं वस्त्र. मिलानमध्ये बिशप त्यांचे पायही धुई. काही ठिकाणी पहिल्या प्रभुभोजनात दूध आणि मध देत, वचनदत्त देशात पोहोचल्याची खूण म्हणून.

शिकवणाऱ्यांचे हालही नोंदलेले आहेत. कार्थेजच्या देओग्राशियास नावाच्या डीकननं ऑगस्टीनला कळवलं, की तेच तेच सांगून मला स्वतःलाच कंटाळा येतो. सन ४०० च्या सुमारास ऑगस्टीननं त्याला उत्तरादाखल अख्खी पुस्तिका लिहिली. तिच्यातला सल्ला आजच्या कुठल्याही शिक्षकाला उपयोगी पडेल. ऐकणारा जांभया देतोय? काहीतरी हलकंफुलकं बोल. त्याला बसायला आसन दे. समुद्रापलीकडच्या काही चर्चांत लोक बसूनच ऐकतात, हेही तो सुचवतो. शिकलेला माणूस आला तर त्यानं आधी काय वाचलंय ते विचार, आणि त्याला माहीत असलेलंच पुन्हा ऐकवू नकोस.

मग हे सगळं लोपलं. लहान मुलांचे बाप्तिस्मे हीच रीत झाली, आणि राजानं धर्म बदलला की टोळीच्या टोळी नदीत उतरू लागली. आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक राजा शार्लमेननं सॅक्सन लोकांवर तलवारीच्या जोरावर बाप्तिस्मा लादला. त्याच्याच दरबारचा विद्वान अल्क्विन यानं ७९६ च्या सुमारास विरोधात पत्रं लिहिली. माणसाला ओढत आणता येतं, विश्वास ठेवायला भाग पाडता येत नाही, हे त्याचं म्हणणं. राजापुढे पंडिताचं किती चालतं, ते आपण जाणतोच.

गोव्यात सोळाव्या शतकात हाच उलटा क्रम दिसतो. सामूहिक बाप्तिस्मे आधी, शिकवण मागाहून, आणि १५६० पासून डोक्यावर इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय. १५७९ मध्ये आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स साष्टीत राहून मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. जुनी पुराणं हातून गेली, मग वाचायला आम्हाला काहीतरी द्या, अशी मागणी त्या पुराणाच्या सुरुवातीलाच एक जण करतो. तीन वर्षांचं ऐकणं बाप्तिस्म्याआधी मिळालं नाही, ते इथे ओवीतून मागाहून मिळालं. आपल्या भाषेचा त्यात लाभ झाला. मात्र ज्यांना आपल्या गतीनं यायचं होतं, त्यांना तो हक्क नव्हता.

तो हक्क आपल्याकडे एका घरानं स्वतःपुरता मिळवला. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थानं नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते येऊन थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या, मनानं तर नव्हत्याच. ताटातुटीची वर्षं गेली, मग एकत्र राहणं सुरू झालं तेही सोवळं सांभाळून. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या सांगतात त्याप्रमाणे आधी सुटली ती जात. भेद देवानं केला की माणसानं, असा प्रश्न मनाशी घोळवून उत्तर त्यांनी स्वतःच काढलं, आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. हिप्पोलिटसच्या शिक्षकांनी ती पाच वर्षं पाहिली असती तर त्यांना अगदी ओळखीची वाटली असती. वागणं आधी बदललं होतं.

टिळक तर पुढे आणखी एक पाऊल गेले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार वाढला नाही.

तिकडे आफ्रिकेत कार्डिनल लाव्हिझरी यांनी आपल्या मिशनऱ्यांना एकोणिसाव्या शतकातच चार वर्षांच्या तयारीचा दंडक घालून दिला होता. तरी १८८६ मध्ये आजच्या युगांडातल्या बुगांडाच्या राजानं ख्रिस्ती हुजऱ्यांना मारायचं ठरवलं, तेव्हा चार्ल्स ल्वांगा यानं कोठडीत जाण्याआधीच्या रात्री सोबतच्या दीक्षार्थी पोरांना बाप्तिस्मा दिला. त्यातला किझितो चौदाएक वर्षांचा होता. पर्पेट्युआला जाऊन तोवर सोळाशे वर्षं उलटली होती.

कॅथलिक चर्चनं १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत टप्प्याटप्प्याची ही पद्धत पुन्हा आणायचं ठरवलं आणि १९७२ मध्ये विधी प्रसिद्ध केला. वसईतल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या धर्मग्रामात मोठ्या वयाचा नवा माणूस आज विचारपूस करायला गेला, तर पहिला टप्पा नुसत्या प्रश्नांचा असतो. त्याला मुदत नाही. पुढचा विधी चर्चच्या दाराबाहेर सुरू होतो. धर्मगुरू बाहेर येऊन नाव विचारतो, काय हवंय ते विचारतो, कपाळावर क्रूस काढतो. मग महिने, कधी वर्षं. उपवासकाळात नावनोंदणी, ईस्टरच्या रात्री पाणी. आणि मधल्या काळात, काही ठिकाणी, प्रवचन संपल्यावर दीक्षार्थींना आजही बाहेर पाठवतात. फरक इतकाच की आता त्यांच्यासोबत एक जण जातो, आणि ते बाजूच्या खोलीत ऐकलेल्या वचनांवर बोलत बसतात.

एक प्रश्न सतराशे वर्षं चिवटपणे मागे लागलेला आहे. उंबरठ्यावरच मेला त्याचं काय? ३९२ साली सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन गॉलमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, संशयास्पद रीतीनं मेला. त्यानं बाप्तिस्म्यासाठी अँब्रोजला बोलावणं धाडलं होतं. अँब्रोज पोहोचण्याआधीच सगळं संपलं होतं. अंत्यविधीच्या भाषणात त्यानं सम्राटाच्या रडणाऱ्या बहिणींना सांगितलं, की ज्यानं मागितलं त्याला ते मिळालंच. हुतात्मे रक्तात न्हातात, तर हा आपल्या इच्छेत न्हाला. हे सांगणारा माणूस पस्तिशीपर्यंत स्वतःही बाप्तिस्म्याविना होता. आणि १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेत, मालमत्ता, खटले आणि अधिकारांच्या रुक्ष कलमांमध्ये, तेच आता नियम म्हणून लिहिलेलं आहे. अंत्यविधीपुरता दीक्षार्थी हा श्रद्धावंतांपैकीच एक धरावा.